जुन्या घराची दुरुस्ती पावसात सुरू होते

गावात वडिलोपार्जित घर, कामधंदा पुण्या-मुंबईला किंवा पणजीच्या फ्लॅटात, घराला वर्षभर कुलूप आणि चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, चार-पाच दिवस सगळ्यांची गर्दी. गोव्यात फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे, कुठल्याही तालुक्यात अशी घरे दिसतील. मग एका वर्षी माजघरात पाणी टपकते, कोणी तरी म्हणतो ‘आता पाडून स्लॅब टाकूया’, आणि घरात दोन तट पडतात. ज्यांना पाडायचे नाही, पण कुठून हात घालायचा ते कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. आमच्या भावकीतली आणि ओळखीपाळखीतली अशी काही घरे उभी होताना पाहिली. ज्यांनी घाई केली त्यांचे पैसे दुप्पट गेले, एवढे ठामपणे सांगता येते.

एक पावसाळा फक्त बघण्यात घालवा, पुढच्या पावसाळ्याच्या आत काम आटपा. सगळा बेत या दोन टोकांमध्ये बसवायचा.

आषाढात घरी जा

लोक घर बघायला मे महिन्यात जातात. मेमध्ये गोव्यातले कुठलेही घर बरेच दिसते. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. घराचे दुखणे याच चार महिन्यांत उघडे पडते, म्हणून रजा काढायची ती आषाढात. सोबत वही, खडू आणि चांगली टॉर्च घ्या.

पाणी जमिनीवर पडते त्याच्या बरोबर वर कौल फुटलेले असेल असे समजू नका. आत शिरलेले पाणी रीपेवरून, म्हणजे कौलांखालच्या आडव्या पट्टीवरून, वाशावर येते, वाशावरून घरंगळत दोन-तीन हात खाली जाते आणि मग टपकते. माळ्यावर चढा, ओला वासा शोधा, ओलीची सुरुवात जिथे आहे तिथे खडूने खूण करा. पाऊस थांबल्यावर त्या खुणा दिसणार नाहीत अशी जागा असेल तर फोटो काढा.

मग बाहेर या. वळचणीच्या पागोळ्या कुठे पडतात? जोत्यापासून लांब पडत असतील तर ठीक. जोत्यावरच उडत असतील तर भिंतीचा खालचा हात-दीड हात कायम ओला राहणार. पूर्वी अंगण जोत्यापेक्षा बरेच खाली असे. दर काही वर्षांनी माती, मग काँक्रीट, मग पेव्हर असे थर चढत अंगण वर आले आणि जोते बुडाले. अर्ध्या ओलीचे कारण हेच असते. घराला राजांगण, म्हणजे मधला उघडा चौक, असेल तर त्याची मोरी बघा. भर पावसात राजांगणात पाणी तुंबत असेल तर मोरी बाहेरच्या टोकाला मुळांनी किंवा मातीने बुजलेली आहे. हे काम एक माणूस एका दिवसात करतो आणि त्याने घराचे जेवढे भले होते तेवढे रंगकामाने होत नाही.

भिंतीची ओल दोन प्रकारची असते. जमिनीतून वर चढणारी ओल कमरेच्या आसपास सरळ पट्ट्यासारखी थांबते आणि तिथे पांढरे क्षार फुलतात. छपरातून उतरणारी ओल ओघळांची असते, एका कोपऱ्यात किंवा वाशाच्या टोकाखाली. वहीत दोन्ही वेगवेगळ्या लिहा, कारण उपायही वेगळे आहेत.

भेगा दिसल्या की लगेच बुजवू नका. भेगेवर काचेची एक पातळ पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोके गिलाव्याने चिकटवा आणि बाजूला तारीख लिहा. पावसाळा संपेपर्यंत पट्टी तडकली तर भिंत अजून हलते आहे, म्हणजे इंजिनिअर बोलवा. तडकली नाही तर ती जुनी, बसलेली भेग आहे. तिच्यासाठी गवंडी पुरे.

कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण अर्धी कामे इथेच अडतात.

सर्व्हे नंबर काढून एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा बघा. त्यावर बहुधा आजोबांचे किंवा त्यांच्याही आधीच्या कोणाचे नाव असते. गोव्यात वारसाहक्काला १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा आहे आणि आता त्यासाठी २०१२ चा वारसाहक्क, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरीचा कायदा आहे. मुलगा-मुलगी असा भेद त्यात नाही आणि जोडीदाराचा हिस्सा सर्वसाधारणपणे निम्मा असतो. म्हणजे लग्न होऊन सावंतवाडीला गेलेल्या आत्येचा आणि तिच्या यजमानांचाही घरात वाटा असू शकतो. वाटणी करायची तर इन्व्हेंटरीचा, म्हणजे मालमत्तेची यादी करून हिस्से ठरवण्याचा, दावा लागतो आणि त्याला वर्षे जातात. दुरुस्तीसाठी वाटणीपर्यंत थांबायची गरज नसते. हिस्सेदारांची लेखी ना-हरकत गोळा करा. ज्याच्याशी बोलणे नाही त्याच्याकडे गावातल्या वडीलधाऱ्यांना पाठवा, वकिलाची नोटीस शेवटी.

पंचायतीकडून दुरुस्तीचा परवाना घ्यायचा असतो. अर्जासोबत घरपट्टीच्या पावत्या, उतारा आणि घराचे सगळ्या बाजूंनी फोटो लावा. जोत्याचे क्षेत्र आणि छपराची उंची बदलणार नाही असे स्पष्ट लिहा. भिंती पाडून नव्या उभ्या केल्या की ते नवीन बांधकाम होते आणि मग नगरनियोजनापासून सगळी दारे ठोठवावी लागतात. घर पणजीच्या फोंताइन्यासारख्या संवर्धन विभागात असेल किंवा खाडी-नदीच्या भरतीरेषेजवळ सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्रात, असेल तर आणखी परवानग्या लागतात. जमीन देवस्थानची किंवा कोमुनिदादीची, म्हणजे गावाच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची, असेल तर त्यांच्याशी आधी बोला.

आवारात मुंडकाराचे, म्हणजे मालकाच्या जमिनीवर त्याच्या संमतीने राहणाऱ्याचे, घर असेल तर त्याला १९७५ च्या कायद्याचे संरक्षण आहे. त्याच्या बाजूच्या भिंतीला, पाण्याच्या वाटेला किंवा पायवाटेला हात लावण्यापूर्वी त्याच्या ओट्यावर जाऊन बसा. कायदा सोडा, तीन पिढ्या शेजारी राहिलेला माणूस आहे. कुठल्या भिंतीत कधी काय घातले ते त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असते.

जुन्या पेटीत पोर्तुगीज किंवा मोडी कागद सापडले तर फेकू नका. फोंडा-सत्तरीकडच्या घरांत मोडीतले जमाखर्च निघतात आणि त्यांत कधी कधी घराचे चिरे, चुना, लाकूड कुठून आणले याची नोंद असते. पणजीला पुराभिलेख खाते आहे. वाचणारा माणूस तिथून कळू शकतो.

चवथीची बैठक

सगळे हिस्सेदार एका छपराखाली येतात ते चवथीला. दीड दिवस, पाच दिवस, जेवढा गणपती असेल तेवढ्यात एक संध्याकाळ आरतीनंतर बैठक घ्या. पावसाळ्यातली वही सगळ्यांसमोर उघडा. फोटो दाखवले की ‘घर बरे आहे, उगाच खर्च’ म्हणणारा काका गप्प होतो. बैठकीत तीनच गोष्टी ठरवा: पैसे कोण किती देणार, हिशेब कोण ठेवणार, आणि कामावर रोज उभा कोण राहणार. तिसरी सगळ्यांत महत्त्वाची. पुण्यात बसून फोनवर गोव्यातले घर दुरुस्त होत नाही. कोणी निवृत्त आत्या, काका किंवा गावातला विश्वासू माणूस रोज एक फेरी मारणारा हवाच, आणि त्याला ‘बघा हां जरा’ एवढ्यावर न ठेवता अधिकार द्या: काम थांबवण्याचा.

पैशांचा आकडा ठरला की त्याच्या वर पाचवा हिस्सा बाजूला ठेवा. कौले उतरल्यावरच खरे छप्पर दिसते.

त्याच वेळी माटोळीकडे, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीकडे, मान वर करून बघा. माटोळी जिथे टांगता ती तुळई आणि तिचे आकडे दर वर्षी नारळ-सुपारीच्या घडांचे ओझे घेतात. ती तुळई पोखरलेली असेल तर पुढच्या चवथीपर्यंत वाट बघू नका.

बऱ्याच घरांत काम काढण्यापूर्वी कुळदेवाच्या देवळात प्रसाद घेतात, म्हणजे मूर्तीला फुले-पाकळ्या लावून देवाची संमती विचारतात. तुमचा विश्वास कितीही असो, घेऊन टाका. उजवा प्रसाद मिळाला की घरातल्या ज्येष्ठांचा विरोध निम्मा होतो, आणि गवंडीही निर्धास्त मनाने पहार उचलतो. राखणदाराला, म्हणजे जागेच्या रक्षक देवाला, नारळ द्यायचा असेल तर तोही याच वेळी.

माणसे शोधा, कंत्राटदार नंतर

जाहिरातीतून जुन्या घराचे कारागीर मिळत नाहीत. वाड्यावर, म्हणजे गावातल्या आपल्या वस्तीत, विचारा: देवळाचे छप्पर कोणी शाकारले? चौकाची डागडुजी कोणी केली? देवळाच्या कामावर असलेला मेस्त, म्हणजे सुतार, लाकूड ओळखतो. त्याला घरी बोलवा, चहा द्या आणि प्रश्न विचारून ऐकत राहा. ‘मेस्ता, ह्या वाशाक कितें जालां?’ म्हटल्यावर जो वर चढून, हातोडीने ठोकून, टोचा घालून मगच ‘वाशाक कांय जावंक ना, नळो सरकला’ (वाशाला काही झालेले नाही, कौल सरकले) म्हणतो, तो तुमचा माणूस. जो खालूनच ‘सगळे बदलूया’ म्हणतो त्याला चहा पाजून निरोप द्या.

चुन्याचे काम जाणणारे गवंडी कमी झाले आहेत. गोव्यात गवंडीकाम करणारे बरेच हात आता बाहेरून, विशेषतः उत्तर कर्नाटकातून येतात आणि त्यांची हयात सिमेंटवर गेलेली असते. हे हात हुशार असतात. चुना जाणणारा एक म्हातारा गवंडी मिळाला तर त्याला रोज देऊन नुसता खुर्चीवर बसवा आणि तरुणांना त्याच्या हाताखाली द्या. दोन पिढ्यांचा हा जोड जमला की काम छान होते.

परीक्षेसाठी छोटे काम द्या. मला सुचणारे उत्तम काम म्हणजे तुळशी वृंदावनाचा गिलावा. चुन्यात करायचा, व्हडल्या दिवाळीच्या, म्हणजे तुळशीच्या लग्नाच्या आत संपवायचा. काम लहान, तारीख पक्की, आणि वाड्यावरचा प्रत्येक माणूस येऊन बघणार. गवंड्याचा हात, शिस्त आणि सबबी, तिन्ही कळतात.

रोजंदारी की उक्ते, म्हणजे अख्ख्या कामाची ठरीव रक्कम? छप्पर उतरवणे, माती काढणे, मोरी साफ करणे उक्ते द्या. सांधेजोड, गिलावा, जुनी दारे यांना रोजंदारी. या कामांत उक्त्याचा माणूस घाई करणारच, त्यात त्याचा दोष नाही. पगार शनिवारी, न चुकता. दहा-अकराच्या पेजेची सोय घरातून झाली, सोबत लोणचे किंवा सुक्या बांगड्याचा तुकडा असला, तर कामावरचे वातावरण वेगळेच राहते. पूर्वी शाकारणीला शेजारी येत ते पेज-जेवणावरच. आता कोणी फुकट येणार नाही आणि येऊही नये, पण कौले खाली उतरवून रचायच्या दिवशी वाड्यावरच्या पोरांना बोलवा. साखळी धरून हातोहात दिलेली कौले कमी फुटतात.

शिकलेल्यांची मदतही घ्या. पणजीच्या आल्तिन्यावर गोवा आर्किटेक्चर कॉलेज आहे. तिथे विचारून बघा, विद्यार्थ्यांना जुन्या घरांचे मोजमाप-आराखडे करायला आवडते आणि तुम्हाला घराचा पहिला नकाशा मिळतो. वारसा वास्तू जपणाऱ्या इंटॅक संस्थेची गोवा शाखाही सल्ल्यासाठी गाठता येते. तोर्ड्याला ‘हाउसेस ऑफ गोवा’ हे संग्रहालय आहे, केप्याला कुशावतीकाठचा पालासियु दु देआंव हा जुना वाडा उत्तम दुरुस्त केलेला आहे, चांदोरला ब्रागांझांचे घर आहे. घरातल्या चौघांना घेऊन एक चक्कर मारा. ही घरे बल्कांव (बसायच्या बाकांचा दर्शनी ओटा) आणि दिवाणखान्याची, आपली राजांगण आणि देवघराची, तेव्हा नक्कल करू नका. छपराची टोके, खिडक्यांचे कोयंडे, चुन्याच्या कडा बघा.

व्हडल्या दिवाळीनंतर: छप्पर

पाऊस गेला, तुळशीचे लग्न लागले, आता कौले उतरवा. पण एका वेळी एकच पाखे, म्हणजे छपराची एकच उतरती बाजू. अवकाळी सर आली तर झाकता येईल एवढेच उघडायचे.

उतरवलेली कौले जातीप्रमाणे वेगळी रचा. जुने अर्धगोल नळे एकीकडे, मंगळूरी कौले दुसरीकडे. मंगळूरला बेसल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि तिथून ही कौले सगळ्या किनाऱ्यावर पसरली. उलटे करून बघा, पाठीवर कारखान्याचे नाव असते. हे नाव हौसेने वाचायचे तसेच कामासाठीही: एका कारखान्याच्या कौलाची खाच दुसऱ्याच्या कौलाला नीट बसत नाही. एका पाख्यावर एकाच छापाची कौले घाला, उरलेली पडवीवर. ब्रशने शेवाळ काढा, बोटाने वाजवा. खणखणीत वाजले तर अजून एक पिढी चालेल. नळे कमी पडले तर डिचोलीच्या कुंभारांकडे चौकशी करा, किंवा कुठे जुने घर पाडत असतील तिथे ट्रक घेऊन जा. पाडणाऱ्याला कौले, चिरे, दारे द्यायचीच असतात.

आता लाकूड. आढे आधी, मग तुळया, मग वासे. वासा बहुधा टोकाला कुजतो, भिंतीवर टेकतो तिथे किंवा वळचणीला, जिथे पाणी आणि वाळवी दोन्ही पोहोचतात. वाशाचा मधला भाग ठणठणीत असतो. अख्खा वासा बदलण्याऐवजी कुजलेला भाग तिरका कापून त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा लांब सांध्याने जोडा आणि सांधा लाकडी खुंट्यांनी किंवा बोल्टने आवळा. चांगला मेस्त हे करतो. नवे लाकूड लागलेच तर फणस, सागवान, किंदळ, माट्टी यांतले सुकलेले घ्या. आपल्याच आवारातले झाड तोडायचे तरी १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वनखात्याची परवानगी लागते, आणि आज तोडलेले झाड या हंगामाच्या छपराला उपयोगाचे नाही. जुन्या लाकडाच्या वखारी आहेत, तिथे पाडलेल्या घरांच्या तुळया मिळतात. ते लाकूड वाकायचे तेवढे वाकून झालेले असते.

भिंतीवर टेकणाऱ्या वाशाच्या टोकांभोवती सिमेंट भरू नका. टोकाला हवा लागली पाहिजे. लाकडाला काजूच्या टरफलांचे तेल लावण्याची किनाऱ्यावर जुनी रीत आहे. होडीलाही लावतात. कीड धरत नाही, पण कातडीवर पडले तर फोड येतात, म्हणून हातमोजे घालूनच.

इथे एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. छपराचे लाकूड इतकी वर्षे टिकले त्यात चुलीच्या धुराचा मोठा वाटा आहे. गॅस आला, धूर गेला, आणि मागोमाग भुंगा आला. परत चूल पेटवा असे कोणी म्हणणार नाही (परसात न्हाणीचा बंब अजून लाकडावर चालत असेल तर मात्र चालू द्या). पण मग लाकडाची पाहणी दर वर्षी करणे भाग आहे.

लोखंडी पाइपांचे छप्पर करावे का, हा प्रश्न हमखास येतो. मुख्य घराला नको. आतले प्रमाण, माळा, सगळेच बिघडते, आणि समुद्राजवळ गंजाचा ताप वेगळा. मागच्या पडवीला, गोठ्याला पैसे वाचवायचे असतील तर बिनदिक्कत करा. कौलांखाली प्लॅस्टिकचा कागद घट्ट अंथरणे मात्र कुठेच नको. खाली वाफ कोंडते आणि रीपा कुजतात.

भिंती आणि चुना

आपली बहुतेक घरे चिऱ्याची, म्हणजे जांभ्याची. काही निव्वळ मातीची. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेला उघडा राहिला की कडक होतो. पण तो सच्छिद्र दगड आहे, ओल आत घेतो आणि बाहेर टाकतो. त्याच्यावर चुन्याचा गिलावा असला की हे येणे-जाणे सुरळीत चालते. सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट किंवा प्लॅस्टिक पेंट चढवला की ओल आत अडकते. मग ती वाट शोधत वर चढते, क्षार फुलतात, गिलावा फुगतो, पापुद्रे पडतात. लोक म्हणतात भिंत जुनी झाली, आणि आणखी जाड सिमेंट मारतात. मातीच्या भिंतीवर तर सिमेंट अख्ख्या तक्त्याने सुटून येते.

म्हणून ओल्या भिंतीवरचे सिमेंट आधी उतरवा. खालच्या ओल्या पट्ट्यापासून, छिन्नी-हातोडीने, हलक्या हाताने. ब्रेकर मशीन लावले की सिमेंटबरोबर चिऱ्याचा चेहराही निघतो. उतरवल्यावर भिंत शक्य तितके दिवस उघडी ठेवून सुकू द्या. तेवढ्यात अंगणाचे थर खाली उतरवा, जोत्याभोवती उघडी पन्हळ काढा. हे न करता नुसता चुना लावाल तर तोही पडेल, आणि दोष चुन्याला जाईल.

चुन्याची तयारी मात्र दिवाळीच्या आधीच. किनाऱ्यावर पूर्वी शिंपले भाजून चुना करत. तो मिळाला तर उत्तम, नाही तर कळीचा चुना. पाण्यात विरवताना तो उकळतो आणि उडतो. डोळ्यांना चष्मा, हातांना मोजे, आणि पोरे-बाळे लांब. विरलेला चुना टाकीत पाण्याखाली निदान काही आठवडे मुरू द्या. जितका मुरेल तितका गिलावा मऊ आणि चिवट.

गिलाव्याला एक भाग मुरलेला चुना, तीन भाग वाळू. वाळू खाऱ्या पाण्यातली किंवा समुद्रकाठची अजिबात नको, मीठ भिंतीत कायमचे राहते. जिथे ओल जास्त तिथे वाळूचा काही भाग कमी करून सुरखी, म्हणजे विटांची पूड घाला, त्याने चुना ओलीतही पकडतो. गुळाचे पाणी, हिरड्याचा काढा घालण्याची रीत आहे. तुमच्या गवंड्याचा जो पाठ असेल तो त्याला करू द्या, पण आधी मागच्या भिंतीवर हातभर नमुना लावून घ्या.

थर पातळ, बोटभराहून जाड नको. पहिला थर आवळला की दुसरा. चुना सिमेंटसारखा एका रात्रीत कडक होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून हळूहळू पक्का होतो, आणि त्यासाठी त्याला थोडी ओल हवी. आठवडाभर तरी ओली गोणपाटे टांगून सावली द्या, दिवसातून दोन-तीनदा पाणी शिंपडा. म्हणून हे काम डिसेंबर-जानेवारीत बसवा. एप्रिलच्या उन्हात लावलेला गिलावा तडकतो.

रंगही चुन्याचाच. दुधाइतका पातळ करून चार-पाच हात. जुना रंग कोणता होता ते बघायचे असेल तर दाराच्या मागच्या कोपऱ्यात ब्लेडने हळूच खरवडा, थराखाली थर निघतात. नीळ, पिवळी माती, काव, काय काय दिसते.

सध्या एक फॅशन आली आहे: गिलावा काढून लाल चिरा उघडा ठेवायचा आणि वर चकचकीत पॉलिश. रिसॉर्टमध्ये शोभते. पण जी भिंत गिलाव्यासाठी बांधली तिचे चिरे आणि सांधे थेट पाऊस सोसायला केलेले नसतात, आणि पॉलिशने पुन्हा तीच ओल कोंडते. आतल्या एखाद्या भिंतीवर हौस भागवा. पावसाच्या अंगाची, म्हणजे नैऋत्येची भिंत झाकलेलीच बरी. तिच्यापुढे जून ते सप्टेंबर झावळ्यांचे विणलेले झाप बांधण्याची जुनी पद्धत अजूनही सगळ्यांत स्वस्त आहे.

जमीन, खिडक्या, न्हाणी, वीज

लाल कोबा असेल तर तो फोडू नका. तडे त्याच रंगात भरा, खोबरेल लावून घासा. व्हिट्रिफाइड फरशी घातली की जमिनीतली ओल फरशीखालून सरकत भिंतीत चढते. ज्या घरात फरशी बदलल्यानंतर भिंती ओल्या झाल्या, तिथे कारण हेच.

खिडक्यांना शिंपल्यांच्या झडपा असतील तर एकही शिंपला फेकू नका. या शिंपल्याला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. झुवारीत चिखलीच्या बाजूला तो सापडतो, पण तिथून काढणे गुन्हा आहे. फुटलेल्या झडपांतले साबूत शिंपले एकत्र करून एक-दोन खिडक्या पूर्ण करा आणि बाकीच्यांना काच लावा. सगळ्यांत थोडे-थोडे भरण्यापेक्षा हे चांगले दिसते.

संडास-बाथरूम घरात हवीच, आताच्या माणसाला परसात पाठवता येणार नाही. पण ती माजघराच्या किंवा देवघराच्या भिंतीला टेकवू नका. मागच्या पडवीत, स्वतंत्र भिंती घालून बांधा, म्हणजे नळ गळला तरी जुन्या भिंतीत पाणी जाणार नाही.

वायरिंग पूर्ण नवे, भिंत न खोदता वरून पट्टीत किंवा पाइपात. गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर लावाच. जुने लाकूड आणि जुनी वायर एका घरात नको.

राजांगणावर पारदर्शक पत्रा घालायचा मोह अनेकांना होतो. माझे मत स्पष्ट आहे: घालू नका. घराची गरम हवा तिथूनच वर जाते. पाऊस आत येतो म्हणून तक्रार असेल तर मोरी मोठी करा.

मृगाच्या आधी

मेच्या मध्यापर्यंत छपराचे काम बंद झाले पाहिजे. वळवाच्या सरी त्याच सुमारास येतात, तीच तुमची चाचणी. पहिल्या सरीला मेस्त आणि हिशेब ठेवणारा, दोघेही घरात हवेत. गळले तिथे त्याच दिवशी दुरुस्त, आणि मेस्ताचा शेवटचा हप्ता त्यानंतरच. हे आधी सांगून ठेवा म्हणजे वाईट वाटत नाही. काम चालू असताना देव दुसऱ्या खोलीत हलवले असतील तर भटजींना विचारून चवथीच्या पुष्कळ आधी परत बसवा. शेवटच्या आठवड्यात रंगारी, भटजी आणि सुतार एकाच खोलीत भेटले की भांडण ठरलेले.

आता घर वापरात ठेवा. बंद घर ओल धरते. किल्ली शेजारी द्या, आठवड्यातून एकदा खिडक्या उघडायचे आणि केर काढायचे ठरवून त्याचे पैसे द्या. पर्यटकांना भाड्याने देण्याचा विचार असेल तर पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते, आणि हिस्सेदारांशी पैशांचे बोलणे पुन्हा सुरुवातीपासून.

दर वर्षी एप्रिल-मेमध्ये शाकारणी: कौले सरळ करणे, फुटलेली बदलणे, पन्हळीतला पाला काढणे, वाशाची टोके टोचून बघणे. मेस्ताला मार्चमध्येच सांगून ठेवा, मेमध्ये सगळा गाव त्याच्या मागे असतो. खडूच्या खुणांची ती वही, कोणी कोणते काम केले, चुना कुठून आणला, कोणत्या छापाची कौले कुठल्या पाख्यावर आहेत, हे लिहून घरातच, माळ्यापासून लांब, वाळवी लागणार नाही अशा पत्र्याच्या डब्यात ठेवा. उरलेली कौले विकू नका. एकाच छापाची शे-दोनशे परसात उभी रचून ठेवा. तो छाप पुन्हा मिळेलच असे नाही.